फ्लेक्सच्या पांढऱ्या बाजूवरचा डाग

घणसोली गावात तळ्याकडून आत वळलं की तिसऱ्या चाळीच्या भिंतीला एक पिवळी स्कूल व्हॅन उभी असते. तिच्याखाली कायम एक फ्लेक्स अंथरलेला असतो, छापलेली बाजू जमिनीकडे आणि पांढरी बाजू वर. एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाला तो नाक्यावर लागला होता. वाढदिवस संपला, वारा सुटला, फ्लेक्स गटारात पडला. संघमित्रा हिवराळेनं तो उचलून आणला, धुतला आणि गाडीखाली घातला. भावीचे दोन पोरगे भांडायला आले, साहेबांचं तोंड मातीत घातलं म्हणून. तिनं विचारलं, वर केलं तर तोंडावर ऑइल पडेल, सांगा कसं ठेवू. ते आले तसे गेले.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेलो तो तिला पकडायलाच. शाळेच्या गाड्यांवर माझी नजर आहे. गुळगुळीत टायर, सात सीटच्या गाडीत सोळा पोरं, मागच्या दाराला सुतळी, सगळं मी फोटोसकट वर पाठवलेलं आहे. कायद्याचं पुस्तक मी स्वतः वाचून शिकलो, कुणी शिकवलं नाही. तर मला कळलं की गावात एक बाई भर रस्त्यात शाळेच्या गाडीचे ब्रेक स्वतःच खोलते. म्हटलं, ही तर हद्द झाली. गेलो, मोबाइल काढला. ती चाकाजवळ उकिडवी बसली होती. वर न बघता म्हणाली, "फोटो नीट काढा भाऊ. आणि उभेच आहात तर टॉर्च धरा."

टॉर्च धरला. चीड आली होती, पण धरला. आणि बघत राहिलो.

चाकाकडे ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी म्हणजे होज. तो खोलायच्या आधी तिनं बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं, तोंडावर दुधाच्या पिशवीचा धुतलेला तुकडा ताणून ठेवला आणि झाकण परत घट्ट लावलं. का, विचारलं. म्हणाली, वरून हवा गेली नाही की खालून ऑइल धार धरत नाही. मग चाकाखाली कापलेला तेलाचा डबा. होज सुटल्याबरोबर त्याच्या तोंडात रबराचं बूच. मी म्हटलं, गॅरेजवाले तर होज पकडीनं दाबून धरतात. तसं दाबलं की वरून होज चांगला दिसतो, आतून चिरतो, असं तिचं म्हणणं. एक थेंब पत्र्यावर उडाला, तो तिनं लगेच पाण्यानं धुतला, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. काम संपल्यावर ती पेडल दाबून, ते खाली सरकतं का बघत मिनिटभर बसली. मग गाडी फ्लेक्सवर घेतली.

सकाळी तो फ्लेक्स वाचायचा. ए.सी.चं पाणी असेल तर सुकून गेलेलं असतं. ओला डाग राहिला तर तो बोटानं उचलून पाण्याच्या वाटीत सोडायचा. इंजिनचं ऑइल वर तरंगतं. ब्रेक ऑइल नावालाच ऑइल, ते पाण्यात मिसळून जातं. वाटीत काही तरंगलं नाही, तर गाडी हलवायची नाही. असा तिचा कायदा.

मी तक्रार केली नाही. पण त्या दिवसापासून मी दर रविवारी तिथे जाऊ लागलो. कुणी म्हणेल विश्वास बसला म्हणून. नाही, खात्री करायला.

हे सगळं तिला बापाकडून आलं. सिताराम तुर्भ्याला ट्रकच्या गॅरेजात होता. बारावीनंतर लग्न ठरेपर्यंतची दोन वर्षं ती त्याचा डबा घेऊन जायची आणि तो जेवेपर्यंत बघत बसायची. पुढे लग्न होऊन घणसोलीत आली. नवरा अश्विन उरणला कंटेनरच्या गोदामात, आठवड्याची पाळी करून रविवारी घरी. सासू जाईबाई जालन्याकडच्या. संघमित्रा त्यांना आत्या म्हणते. घर चालवायला तिनं व्हॅन घेतली तेव्हा गाडीचं काम गॅरेजलाच द्यायची. तीन वर्षांपूर्वी हायवेकडच्या एका गॅरेजात पुढचे ब्रेक करून आणले आणि दुसऱ्या दिवशी पोरांना शाळेत सोडून रिकामी परतताना, पुलाच्या उतारावर पेडल जमिनीला टेकलं. गिअर पाडून, हँडब्रेक ओढून, कठड्याला घासत तिनं गाडी थांबवली. गॅरेजवाल्यानं होजच्या बोल्टला जुनेच वॉशर परत घातले होते.

हे वॉशर म्हणजे तांब्याच्या पातळ चकत्या. बोल्टला दोन लागतात, होजच्या तोंडाच्या अलीकडे एक, पलीकडे एक. तांबं मऊ, म्हणून आवळलं की दबतं आणि फट बंद करतं. पण एकदा दबलं की कडक होतं. परत घातलं तर फट राहते. सुईच्या टोकाएवढी पुरते.

त्या दिवसापासून तिनं कुणाला ब्रेकला हात लावू दिला नाही. आणि ही गोष्ट तिनं प्रत्येक पालकाला सांगितली. गेल्या जूनमध्ये समाजमंदिरात पालक जमले होते, तिथेही ती उभी राहून बोलली. जुना वॉशर परत घालणाऱ्या माणसाच्या हातात आपलं पोर देऊ नका. टॉवरमधल्या आया माना डोलवत होत्या. त्या वर्षी तिच्याकडे नऊची बारा पोरं झाली. ती वाढलेली तीन पोरं प्रितम भोईरच्या गाडीतली होती.

प्रितम गावातलाच, दोन व्हॅन. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तोंडाचा सैल. चहाच्या टपरीवर त्यानं दोनदा माझ्यादेखत म्हटलं की बाईच्या हातचे ब्रेक किती दिवस टिकतात ते बघू. हे मी मनात ठेवलं होतं. मी असली वाक्यं विसरत नाही.

नोव्हेंबरातला रविवार. संघमित्रानं उजव्या पुढच्या चाकाचा होज बदलला, जुना तडकायला लागला होता म्हणून. अश्विनला लवकर परत निघायचं होतं, त्यामुळे थोडी घाई होती, पण पिशवीचा तुकडा, बूच, डबा, सगळं जागच्या जागी. मीच टॉर्च धरला होता. संध्याकाळी मी तळ्याकडून येताना प्रितमचा ड्रायव्हर त्या भिंतीजवळ उभा दिसला. मला बघून चालू पडला.

सोमवारी पहाटे फोन आला. "नामाभाऊ, डाग हाय."

गेलो. उजव्या चाकाच्या बरोबर खाली, पांढऱ्यावर, दहाच्या नाण्याएवढा पिवळसर डाग. तिनं वाटी पुढे केली. पाण्यावर काही तरंगत नव्हतं.

तिनं गाडी हलवली नाही. बारा घरी फोन केले, चार रिक्षा ठरवल्या, पोरं शाळेत पोचवली. कारण मात्र सगळ्यांना खरं सांगितलं, की ब्रेक ऑइलचा थेंब पडलाय. तिथेच घोळ झाला. आठ वाजेपर्यंत पालकांच्या ग्रुपवर तीस मेसेज. कुणी म्हणे बरं झालं कळलं, कुणी म्हणे आज कळलं, उद्या नाही कळलं तर? सुमेधाताई म्हणून एक बँकेतल्या बाई आहेत, पार्थची आई, तिच्याकडे सगळ्यात आधी पोर दिलेल्या. त्यांनी लिहिलं की मंगळवारी संध्याकाळी समाजमंदिरात बसू आणि गाडी पुढे ठेवायची की नाही ते ठरवू. बाकीच्या अकरांनी खाली अंगठे दिले. बारा पोरं गेली तर व्हॅन उभी करून ठेवायची, दुसरं काही नाही. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

माझं डोकं गरम झालं. नवा होज, नवे वॉशर, माझ्या डोळ्यांदेखत केलेलं काम, आणि गळतं? आणि आदल्या संध्याकाळी तिथे कोण उभं होतं? मी दोन आणि दोन मांडले आणि ग्रुपवर लिहिलं. प्रितम भोईरचं नाव घेऊन लिहिलं. की पोरांच्या गाडीच्या ब्रेकला हात लावण्यापर्यंत मजल गेली आहे, पोलिसात जाणार आहे.

दहा वाजता प्रितम चाळीत. बरोबर चौघं. मला वाटलं मारामारी होणार, मी बाह्या सरसावल्या. तो लांबच उभा राहिला. त्याचा ड्रायव्हर तिथे लघवीला थांबला होता, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, बरी जागा मिळाली. तो एवढंच बोलला, "मना तुझ्याशी भांडन नाय करायचा, नामा. पन पोरांच्या गाडीला हात लावनारा मी नाय. सिद्ध कर, नाय तर नाव पुस."

दुपारी संघमित्रानं चाक काढलं. मी हत्यारांच्या खुणा शोधत होतो. बोल्टच्या डोक्यावर ओरखडा, पाना घसरल्याचा डाग, काहीतरी. काही नव्हतं. ब्रेकमधली हवा काढायच्या निप्पलवर रबराची टोपी जशीच्या तशी, तिच्यावरची धूळही तशीच. तिनं पान्यानं बोल्ट तपासला, घट्ट. म्हणाली, कुणी सैल केला असता तर परत एवढा आवळून गेला असता का? मी म्हटलं, हुशार माणूस आवळून जाईल. तिनं सगळं फडक्यानं कोरडं पुसलं, मला आत बसवलं आणि पेडल दाबून धरायला सांगितलं.

मी दाबून बसलो. मग तिचा आवाज आला, सोडा. उतरून बघितलं तर होजच्या तोंडाशी, वॉशरच्या कडेला, एक बारीक थेंब उभा होता.

तिनं परत सगळं केलं, पिशवीचा तुकडा, डबा, बूच. बोल्ट सोडला, दोन्ही वॉशर तळहातावर घेतले आणि उन्हात तिरके धरले. एक साधा होता. दुसरा त्याहून जास्त चमकत होता, आणि त्या चमकीखाली गोल घळ दिसत होती, आधी कधीतरी दबल्याची. म्हणजे वापरलेला.

मी म्हटलं, बघ, बदलला कुणीतरी. आता तर पोलिसातच जाऊ.

"आत चला," ती म्हणाली.

आत जाऊन तिनं फळीवरची वॉशरची डबी उतरवली आणि ताटात पालथी केली. चौदा वॉशर निघाले. तिनं बोटानं दोन ढीग केले. एका बाजूला नऊ, तुर्भ्याहून आणलेले नवे. दुसऱ्या बाजूला पाच, नव्यापेक्षाही लखलखीत, आणि पाचही घळ पडलेले. तिनं वॉशर नाकाशी नेला. मग माझ्यापुढे धरला. चिंचेचा वास येत होता.

जाईबाई भाकरी थापत होत्या. दर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्या बुद्धाची पितळी मूर्ती, पाण्याचा तांब्या, दोन वाट्या, सगळं चिंच-मिठानं घासतात. त्या चाळीत त्यांच्या तांब्याएवढा लाल तांब्या कुणाचा नाही. संघमित्रा काम झाल्यावर काढलेले जुने वॉशर खिडकीतल्या वाटीत टाकायची, भंगारवाला आला की द्यायला. गेल्या पौर्णिमेला ते म्हातारीच्या हाताला लागले.

संघमित्रानं आवाज न चढवता विचारलं, "आत्या, हे तुमी घासले का?"

"म्याच. काळे पडले व्हते बाई. तांबं हाय, असं भंगारात घालायचं व्हय? चांगले निघाले म्हून तुज्या डबीत घातले." मग दोघांच्या तोंडाकडे बघून त्यांचा हात थांबला. "काय झालं?"

संघमित्रानं सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली ती मीच उलटली.

बाहेर आल्यावर मी तिला सरळ सांगितलं. हे तीन माणसांना माहीत आहे, तिघांतच राहू दे. नवे वॉशर घाल, गळती बंद कर, मी सांगतो की वॉशरचा माल खराब होता, दुकानाचं नावही नको घेऊ. प्रितमचं मी बघतो, ते प्रकरण थंड होईल. खोटं नाही बोलायचं, फक्त बोलायचं नाही. मी चळवळीत पंचवीस वर्षं आहे, कुठे काय बोलू नये ते मला कळतं.

ती दोन्ही वॉशर फडक्यात बांधत होती. "तुमी काल टॉर्च धरला होता नामाभाऊ. मला पण दिसला नाही, तुमाला पण नाही. चमक बघितली, कड नाही बघितली." मग म्हणाली, "तो गॅरेजवाला पण हेच म्हणाला होता. माल खराब होता."

मी ताटातले दोन नवे वॉशर आणून तिच्या हातात दिले.

मंगळवारी समाजमंदिरात वीसेक माणसं. प्रितम मागे भिंतीला टेकून. मी बाजूला उभा, कारण खुर्चीत बसवेना. संघमित्रानं जाईबाईंना घरीच थांबायला सांगितलं होतं. ती उभी राहिली, ऑफिसातून आलेल्या बाया मोबाइलमधून वर बघेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "गेल्या जूनमध्ये मी इथंच बोलले होते, जुना वॉशर परत घालणाऱ्याकडे पोर देऊ नका. परवा तो मीच घातला. बाहेरून कुणी आलं नव्हतं. प्रितमदादांचा काही संबंध नाही."

मग तिनं फडकं सोडलं, दोन्ही वॉशर पहिल्या रांगेत दिले. ते हातोहात फिरले. कड कशी बघायची ते ती सांगत गेली, नखानं, उजेडात तिरकं धरून. सासूचं नाव तिनं घेतलं नाही. माझ्या डबीत जुने-नवे मिसळले, डबी माझी, एवढंच बोलली.

सुमेधाताईंनी विचारलं, मुद्दाम तर नाही घातला ना. ती म्हणाली, मुद्दाम नाही, पण गळताना ऑइल ते विचारत नाही. सोमवारी गाडी हलली नाही, फ्लेक्सवर दिसलं म्हणून हलली नाही. माझ्या बाजूचं एवढंच आहे, बाकी तुम्ही ठरवा.

मागून आवाज आला. जाईबाई. कधी येऊन दाराशी बसल्या होत्या कुणास ठाऊक. पदर सावरत उभ्या राहिल्या. "ते वॉशर म्या चिंचेनं घासून तिच्या डबीत घातले. तिला ठावं नव्हतं. मला काय बोलायचं ते बोला, लेकरं काढू नका तिची."

एक गृहस्थ म्हणाले, हेतू चांगला असेल हो, पण घरातली माणसं स्पेअर पार्टला हात लावतात म्हणजे काय. त्यांचं बोलणं मला झोंबलं, मी तोंड उघडणार होतो. पण ते चुकीचं बोलत नव्हते.

चार घरांनी पोरं काढून घेतली. तिथल्या तिथे, नम्रपणे, पुढच्या महिन्यापासून. आठ राहिली. सुमेधाताईंनी एक अट घातली, की रोज गाडी सुटायच्या आधी फ्लेक्सचा फोटो ग्रुपवर यायला पाहिजे. संघमित्रा म्हणाली, येईल.

बाहेर पडताना प्रितम माझ्याजवळ आला. वाटलं, आता हा सगळं वसूल करणार. तो म्हणाला, "ग्रुपवर नाव लिवलास, ग्रुपवरच पुस. मोठ्या अक्षरात लिवला होतास, तसाच पुस." मी पायरीवर बसून लिहिलं. चार वाक्यं लिहायला मला अर्धा तास लागला. माफी हा शब्द मी आधी कुठल्या अर्जात लिहिला नव्हता.

त्या चार पोरांतली दोन प्रितमच्या गाडीत गेली. आता त्याच्याही गाडीखाली फ्लेक्स दिसतो. मला अजून वाटतं तो दाखवायला घालतो. एकदा वाटी घेऊन जाऊन बघणार आहे.

संघमित्राकडे आता काढलेला वॉशर वाटीत पडत नाही. बोल्टवरून उतरला की ती तो तिथेच, चाकाजवळ, पकडीनं मधोमध दुमडते. परत घालू म्हटलं तरी घालता येऊ नये असा. दुमडलेले ती जाईबाईंच्या हातात देते आणि जाईबाई ते मोजून भंगारवाल्याच्या पिशवीत टाकतात. घासत नाहीत. तांब्या मात्र घासतात.

फोटो रोज सहा वाजता येतो. पांढरा फ्लेक्स आणि कोपऱ्यात त्या दिवसाची दुधाची पिशवी, तारीख दिसेल अशी ठेवलेली. ही अक्कल तिची. फोटो कालचा असू शकतो, अशी शंका कुणाला येईल ते तिला बरोबर माहीत होतं.

तरी मी जातोच. पिशवीवरची तारीख रोज कोण वाचतं? मी वाकून चाकाखाली बघतो, ती आत आरसा पुसत असते, आणि जाईबाई दारातून चहाचा कप पुढे करत म्हणतात, "बघ बाबा. नीट बघ. त्या दिवशी तू कड बघितली नव्हतीस."

मी कड बघतो.